लॉगचा 'पाया' की लॉगचा 'आधार'?

गुहागरहून एका पालकांनी विचारले आहे की, मुलाला अकरावीचे लॉगरिदम मराठीतून समजावताना 'बेस'ला 'आधार' म्हणावे की 'पाया'; शिवाय कॅल्क्युलेटरवर लॉग आणि एलएन अशी दोन बटणे कशासाठी असतात, हा त्यांचा उपप्रश्न आहे.

माझा कौल 'पाया'ला आहे. 10² मध्ये 10 हा पाया आणि 2 हा घातांक, हे मूल शाळेत आधीच शिकलेले असते, आणि लॉगरिदम म्हणजे तोच घातांक उलट बाजूने विचारलेला: 100 मिळवायला 10 चा कितवा घात घ्यावा लागतो? दुसरा, म्हणून 10 या पायाचा 100 चा लॉग 2. त्याच संख्येला एका धड्यात पाया आणि दुसऱ्यात आधार म्हटले, तर दोन धड्यांमधले नाते मुलाच्या हातून निसटते. 'आधार' हिंदी पाठ्यपुस्तकांत रूढ आहे आणि तो चूक नाही. पण घड लागलेल्या केळीला दिलेला टेकू हाही आधारच, आणि तो केव्हाही काढता येतो. (रसायनशास्त्रातल्या बेसला मराठीने 'आम्लारी' हा निराळा शब्द दिला, हे बरे झाले.)

आपल्या जुन्या गणितात तर पाया नावातच असे. आठव्या-नवव्या शतकातील जैन आचार्य वीरसेन यांच्या 'धवला' टीकेत अर्धच्छेद, त्रिकच्छेद आणि चतुर्थच्छेद असे शब्द येतात. मिरकरवाड्याच्या जेटीवर 64 वाव दोरी पसरली आहे असे समजा. ती मधोमध दुमडत गेलो, तर 32, 16, 8, 4, 2 असे होत सहाव्या घडीला लांबी एक वाव उरते, म्हणून 64 चे अर्धच्छेद 6. तीच दोरी दर वेळी चौपदरी केली, तर तीन घड्यांत काम होते, म्हणून चतुर्थच्छेद 3. दोरी तीच, पाया 2 चा 4 झाला आणि उत्तर निम्मे झाले.

आता बटणांविषयी. कोकणातल्या घराचे चिऱ्यांचे जोते दिसते, पण पाया जमिनीत गाडलेला असतो; लॉगचा पायाही खाली बारीक अंकात लिहितात आणि पुष्कळदा लिहीतच नाहीत. लॉगरिदम शोधणारे स्कॉटिश गणिती जॉन नेपिअर यांच्या 1614 च्या कोष्टकांत आजच्या अर्थाचा पाया नव्हताच. 1615 मध्ये इंग्रज गणिती हेन्री ब्रिग्ज त्यांना एडिंबरोला जाऊन भेटले आणि 1617 मध्ये ब्रिग्ज यांनी 10 या पायाची कोष्टके छापली. कॅल्क्युलेटरचे 'लॉग' बटण त्याच परंपरेतले आहे. 'एलएन'चा पाया 'ई', म्हणजे सुमारे 2.71828, तो घेतला की लॉग क्षचे विकलन (म्हणजे क्ष बदलताना लॉग ज्या दराने बदलतो तो दर) निव्वळ 1/क्ष येते, एरवी सोबत एक गुणक चिकटतो. म्हणून उच्च गणितात नुसते 'लॉग' लिहिले तरी पाया बहुधा 'ई' समजतात, तर संगणकशास्त्रात 2. परिणामी 100 चा लॉग कोठे 2, कोठे 4.605, तर कोठे 6.644 असतो, आणि तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असतात.

लिहिताना मात्र एक पथ्य पाळावे: '10 या पायाचा लॉग' असे लिहावे, अनुस्वार देऊ नये, कारण दहा पायांची म्हटली की, नांग्या धरून, ती कुर्ली होते.