शेवटचा आऊट होईपर्यंत उठायचं नाही

बाळा,

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला, स्कोअरच्या वहीच्या पानाचा फोटो मोठा करून करून बघितला. २६ सप्टेंबर २०२४, बेसबॉलची मॅच, टेक्सास रेंजर्स, आणि नऊपैकी आठव्या इनिंगपासून पुढचे सगळे चौकोन कोरे. म्हणजे ओकलंडच्या कोलिझियम स्टेडियममधल्या, आपल्या ए'जच्या (ओकलंड ॲथलेटिक्सच्या) अगदी शेवटच्या मॅचमधून तू मधेच उठून गेलीस आणि हे मला आज सात महिन्यांनी सांगतेयस. रडू आवरेना म्हणून गेलीस. अगं, त्या दुपारी तिथे ४६,८८९ माणसं होती, आणि रडत कोण नव्हतं?

टीम ओकलंड सोडून गेली, आता तिच्या मॅच बघायला सॅक्रामेंटोला जाऊ की नको, गेले तर ओकलंडशी गद्दारी होईल का, सीझनभर १४ मॅचना गेले ते सगळं वाया गेलं का, हे तुझे प्रश्न वाचले. खरं सांगू, मला त्यातला एकही मोठा वाटत नाही. मला एवढंच दिसतंय की तू उठलीस. वही देताना मी तुला एकच सांगितलं होतं, शेवटचा आऊट होईपर्यंत उठायचं नाही. खेळ कळला नाही तरी चालेल, स्कोअर लिहिताना चुकलं तरी चालेल, उठायचं नाही.

हे मी कुठे शिकले ते तुला कधी नीट सांगितलं नाही. ४ सप्टेंबर २००२. ए'ज सलग १९ मॅच जिंकलेले, विसावी कॅन्सस सिटीशी, आणि तिसऱ्या इनिंगलाच ११-०. माझ्या शेजारी नेहमीचे आजोबा, पोस्टातून रिटायर झालेले, त्यांनीच मला स्कोअर लिहायला शिकवलं. माझे बाबा शिवाजी पार्कला कांगा लीगचा स्कोअर लिहायचे, त्यामुळे मला वाटायचं हे आपल्याला येतंच, पण इथलं सगळंच वेगळं, प्रत्येक फिल्डरला नंबर, शॉर्टस्टॉप ६, सेकंड बेस ४, फर्स्ट बेस ३, म्हणून डबल प्ले, म्हणजे एकाच बॉलवर दोन आऊट, ६-४-३, स्ट्राइकआऊटला के, आणि बॅट न हलवता तिसरा स्ट्राइक गेला तर तो के उलटा काढायचा. तर सातवी इनिंग संपली, ११-५ होतं, चार महिन्यांची लेक शेजारणीकडे ठेवलेली, मी म्हटलं आता जिंकलोच, आणि निघाले. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त माझ्या मिटलेल्या वहीकडे बघितलं. बार्टने, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनने, फ्रीमाँटला उतरले, पार्किंगमध्ये गाडी सुरू केली तर रेडिओवर नुसता आरडाओरडा. नवव्या इनिंगला ११-११ झालं होतं आणि मग स्कॉट हॅटेबर्ग, जो त्या दिवशी सुरुवातीच्या नऊ जणांतही नव्हता, तो बॅटिंगला आला आणि त्याने होमरन मारली. १२-११. सलग २०, अमेरिकन लीगमध्ये तोवर कुणालाच जमलं नव्हतं. आणि मी पार्किंगमध्ये, किल्लीला हात लावून बसलेली.

पुढच्या मॅचला आजोबांनी त्यांची वही माझ्यापुढे सरकवली, घे उतरवून म्हणाले. हॅटेबर्गच्या चौकोनातला डायमंड त्यांनी पेन्सिलने इतका गच्च भरला होता की कागद चमकत होता, मागच्या पानावर उठाव आला होता. मी नाही उतरवलं. जे बघितलं नाही ते लिहायचं नाही. माझं ते पान अजून तसंच अर्धं आहे.

त्यानंतर मी एकदाही उठलेले नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये एंजल्सशी १९ इनिंग चालली, साडेसहा तास, ब्रँडन मॉसने होमरन मारून संपवली तेव्हा रात्रीचे १ वाजून ४१ मिनिटं झाली होती. दुसऱ्या दिवशी लेकीची पाचवीची सहल, तिला सोडायला मी उठू शकले नाही, तिच्या बाबाने सोडलं. ती अजून बोलून दाखवते. पण त्याच्या ११ वर्षं आधी तिच्यासाठीच तर उठले होते ना मी, आणि तिला शेजारणीकडे अगदी मजेत झोपलेली बघितलं होतं. मला त्या १९ इनिंगचा अजिबात पश्चात्ताप नाही. आता एक्स्ट्रा इनिंगला सेकंड बेसवर आयताच रनर देतात, झटपट संपावं म्हणून. मला ते मुळीच पटत नाही.

आणि तुझा सीझन वाया गेला म्हणतेस? एप्रिलमधली ती थंडी आठव, तीन-चार हजार माणसं, बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या, त्यामुळे आपला पिचर मेसन मिलरचा ताशी १०० मैलांच्या वरचा बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बसला की तो आवाज आपल्यापर्यंत कसा खणखणीत यायचा. भरलेल्या स्टेडियममध्ये तो ऐकू येत नाही. बार्टच्या पुलावर कांदा परतल्याचा वास, तू चटणी-पोळीचा रोल फॉइलमधून काढून शेजारच्या पोराला दिलास तो दिवस, ब्रेंट रूकरची होमरन अंगावर येतेय म्हणून वही डोक्यावर धरलीस तो दिवस. ६९ जिंकलो, ९३ हरलो. जी टीम ९३ हरते तिच्यासाठी बसणारी माणसंच मला जवळची वाटतात.

तू गेल्यावर काय झालं तेही सांगते. ३-२ ने जिंकलो, शेवटचा आऊट ५-३, म्हणजे थर्ड बेसकडून फर्स्ट बेसकडे, आणि मग कोणी घरी जाईना. मॅनेजर मार्क कॉट्सेने माइक हातात घेतला आणि सगळ्या स्टेडियमकडून शेवटचं ‘लेट्स गो ओकलंड’ म्हणवून घेतलं. त्याच दुपारी मानाचा पहिला बॉल टाकायला ए'जचा जुना दिग्गज रिकी हेंडरसन आला होता, आणि डिसेंबरमध्ये तो गेला. हे तुला टोचायला लिहीत नाहीये गं. हो, थोडं टोचायलाच लिहितेय.

सॅक्रामेंटोची पहिली मॅच मी बघितली, ३१ मार्चला, शिकागो कब्सने आपल्याला १८-३ धुतलं. लोक पाचव्या-सहाव्या इनिंगपासून निघायला लागले. आठव्या इनिंगला कब्सच्या कार्सन केलीने ट्रिपल मारला आणि त्याचा सायकल पूर्ण झाला, एकाच मॅचमध्ये सिंगल, डबल, ट्रिपल, होमरन चारही. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा प्रत्यक्ष बघितला. आपल्या विरुद्ध होता, तरी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि वहीत त्याचे चारही चौकोन नीट भरले.

नोकरी गेल्यापासून तुला सगळंच अर्धवट सोडावंसं वाटतंय, ते मेसेजमध्ये दिसलं मला. इथे काहीच टिकत नाही म्हणतेस. नाही टिकत. म्हणून तू आधीच उठून जायचं का?

गद्दारीबिद्दारीचं नंतर बघू. ९ मेला यांकीज येताहेत, मी दोन तिकिटं काढलीत. गाडी मी आणते, रात्रीच्या ट्रेनचं कारण नको. जॅकेट घे. २६ सप्टेंबरचं पान फाडू नकोस आणि इंटरनेटवरून बघून भरूही नकोस, माझं पान तर मी तुला उतरवायला देणारच नाहीये. पुढचं कोरं पान उघडून आण, पेन्सिली मी आणते.

मावशी