आधी टेप, मग टापांचे ठसे

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. रविवारपासून घोडेस्वारीच्या सकाळच्या बॅचसाठी घोड्यांनी ओलांडायचे जमिनीवरचे पोल तू लावणार, हे ऐकून फार बरं वाटलं. तू पोलांमधल्या अंतरांचा तक्ता मागितला आहेस. आकडे देतो, पण ते १६ हँडच्या (म्हणजे खांद्याशी ६४ इंच उंच), मोकळ्या चालीच्या घोड्याचे आहेत हे आधी लक्षात घे.

ट्रॉटच्या, म्हणजे दुडक्या चालीच्या, पोलांत साडेचार फूट ठेव. कँटरच्या, म्हणजे संथ दौडीच्या, पोलांत ९ ते ११. ट्रॉटवरून छोट्या क्रॉसला (दोन पोल एकमेकांवर तिरपे टाकलेल्या जंपला) येताना आधीचा पोल ८ ते ९ फुटांवर. बाऊन्सला, म्हणजे उतरताच पुढची उडी घ्यायची असेल तर, १० ते १२. दोन जंपांच्या मध्ये एक स्ट्राइड (कँटरची एक पूर्ण ढांग) हवी असेल तर कँटरवरून २४ फूट, ट्रॉटवरून आलात तर १८च.

हे २४ कुठून आले ते समजून घे, मग पाठ करावं लागणार नाही. घोडा जंपपलीकडे साधारण ६ फुटांवर उतरतो, पुढच्या जंपच्या ६ फूट अलीकडून उडतो, आणि मधली स्ट्राइड १२ फुटांची. पावलांनी मोजशील तर तीन फुटी आठ पावलं: दोन उतरण्याची, चार स्ट्राइडची, दोन उडण्याची. मध्ये दोन स्ट्राइड हव्या असतील तर बारा पावलं. तुझं पाऊल खरंच तीन फुटांचं आहे का, हे आधी टेप जमिनीवर अंथरून तपास. गमबूट घातले की पाऊल आखडतं. जंप दोन फुटांच्या आतली असेल तर घोडा जवळच उतरतो, तिथे २१ फूटही पुरतात.

माझी एक चूक सांगतो. आधीच्या बॅचमधल्या उंच थरोब्रेडसाठी (शर्यतीच्या जातीच्या घोड्यासाठी) लावलेलं २४ फूट मी घाईत तसंच ठेवलं आणि त्यावर एका लहानखुऱ्या काठेवाडी घोडीला सोडलं. ती पुरी पडली नाही. मागच्या पायांनी पोल ओढत नेला, मुलगा तिच्या मानेवर आदळला. लागलं कुणालाच नाही, पण पुढे तीन महिने ती घोडी त्या कोपऱ्यात आली की अडायची. तिला परत एका पोलावरून सुरुवात करून द्यावी लागली. पोल सरकवायला दोन मिनिटं लागली असती. म्हणून घोडा बदलला की अंतर बदल, मुलं कितीही खोळंबली तरी.

ट्रॉटला पोल एक लाव किंवा तीन. दोन नको, बरेच घोडे ते एकदमच उडून ओलांडायला बघतात.

आता आपल्या ठाण्याचं. येऊरच्या डोंगरावरून पाऊस उतरला की आपली वाळू जड होते आणि घोड्याची चाल आखडते. अशा दिवशी कँटरचं अंतर फूटभर कमी कर, ट्रॉटचं तीन-चार इंच. चढाकडेही कमीच. उलट तबेल्याच्या दिशेने तोंड असलं की तोच घोडा लांब टापा टाकतो, हे तूही पाहिलं असशील.

टेपने लावून झालं की घोडा एकदा जाऊ दे आणि खाली वाकून बघ. ओल्या वाळूत ठसे स्वच्छ उठतात. ट्रॉटमध्ये खुराचा ठसा दोन पोलांच्या मधोमध हवा. ओलांडलेल्या पोलाला चिकटून पडत असेल तर घोडा पुरत नाहीये, पोल जवळ घे. पुढच्या पोलाला टेकत असेल तर त्याला जागा कमी पडतेय, लांब कर. जंपला उडायच्या जागेचे ठसे बघ: दर फेरीला एकाच ठिकाणी पडत असतील तर अंतर त्याला बसलं. मी हे सगळ्यात जास्त मानतो, टेपपेक्षाही.

माझी जुनी टेप मोतद्दारांच्या खोलीत खुंटीला आहे, ती आता तूच ठेव. रविवारी घोडबंदर रोडला गाड्या तुंबायच्या आत पोचतो. मी येईपर्यंत वाळूवर फळी फिरवू देऊ नकोस, मला ठसे बघायचे आहेत.

तुझे सर