मार्टिना मॅक्ब्राइडच्या 'आय अ‍ॅम गॉना लव्ह यू थ्रू इट' या कंट्री गाण्यातील आशा खरी आहे, की ते केवळ रडवण्याचे तंत्र आहे?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. आजारपणातील आशा पोचवण्यासाठी या गाण्याने श्रोत्याच्या भावनांना हात कसा घातला, हा पहिला. आणि हा सारा डोळ्यांतून पाणी काढण्याचा ठरावीक प्रकार नव्हे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी जमेल तसे देते. दुसरा भाग वाचून मात्र मला राहवले नाही, कारण स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी यांतून मी स्वतः गेले आहे आणि नेमका हाच आक्षेप मी माझ्या घरात अनेकदा ऐकला आहे.

गाणे २०११ सालचे आहे, कंट्री या गावाकडच्या वळणाच्या अमेरिकन संगीतप्रकारातले. ते बेन हेस्लिप, सॉन्या आयझॅक्स आणि जिमी यिअरी या तिघांनी लिहिले असून त्याला ग्रॅमीचे नामांकनही मिळाले होते. अडतीस वर्षांची, तीन मुलांची आई कर्करोग झाल्याचे सांगणारा डॉक्टरांचा फोन घेते, फोन तिच्या हातून पडतो आणि नवरा स्वतःचे रडू आवरून तिला घट्ट धरतो. पुढच्या कडव्यात शस्त्रक्रिया पार पडलेली असते, रोग वेळेत सापडला असे सांगितले जाते, पण ठरले होते त्याहून अधिक भाग काढावा लागलेला असतो. मग उरते ते ओढूनताणून आणलेले हसू आणि अंगावर ढगळ शर्ट. आता हे माझ्याने होणार नाही, असे ती म्हणते तेव्हा तो तिला जवळ घेतो आणि सांगतो की माझे प्रेम त्यासाठीच तर आहे.

यातली पहिली गोष्ट म्हणजे तपशील. वय, मुलांची संख्या, हातून पडलेला फोन, शर्ट. 'वेदना' किंवा 'संघर्ष' असे मोठे शब्द कोणी वापरत नाही. कडवी 'ती' आणि 'तो' यांची गोष्ट सांगतात, धृपद मात्र थेट 'मी' आणि 'तू' यांच्यावर येते, त्यामुळे दुसऱ्याच्या घरात डोकावणारा श्रोता एकाएकी त्या वचनाचा धनी होतो. मॅक्ब्राइड कडवी खालच्या आवाजात, जवळजवळ बोलल्यासारखी गाते आणि धृपदात आवाज मोकळा सोडते. शिवाय वचन नवऱ्याचे असले तरी ते बाईच्या गळ्यातून येते, म्हणून ते आईचे, बहिणीचे किंवा मैत्रिणीचेही होऊ शकते. या गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, पण माझ्या मते गाण्याचे अर्धे बळ तिथे आहे.

आता त्या ढगळ शर्टाबद्दल. तो तपशील ज्याने लिहिला त्याने ते घर जवळून पाहिलेले असावे, असे मला नेहमी वाटते. स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्यानंतर बरेच दिवस हात खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे डोक्यावरून घालायचे काहीही चालत नाही आणि पुढून बटणे असलेला नवऱ्याचा शर्टच उपयोगी पडतो. जखमेतला द्राव काढणाऱ्या दोन बारीक नळ्या, म्हणजे ड्रेन, काखेखालून बाहेर आलेल्या असतात, त्यांच्या टोकांना मऊ प्लास्टिकचे फुगे असतात, आणि ते शर्टाला आतून सेफ्टी पिनेने अडकवावे लागतात. सकाळ-संध्याकाळ नळी बोटांनी वरून खाली निपटायची, फुगा उघडून त्यातला लालसर द्राव मापाच्या पेल्यात ओतायचा, किती मिलिलिटर भरला ते लिहायचे आणि फुगा दाबून, चपटा करून पुन्हा बंद करायचा, म्हणजे ओढ कायम राहते. दिवसाचा आकडा साधारण तीसच्या खाली आला की नळ्या निघतात. डॅलसजवळच्या आमच्या घरी हे सगळे माझा नवरा करत असे. आकडे तो भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत लिहायचा, जिथे माझी आई सांगलीला दुधाचा हिशेब लिहीत आली.

एका संध्याकाळी त्याचा हात थरथरला आणि पेल्यातले सगळे बेसिनमध्ये सांडले. तो टबाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "मला खूप भीती वाटते गं. पण हे मीच करणार, रोज करणार." शस्त्रक्रियेनंतर मला धीर असा वाटला तो त्या क्षणी. तोवर सगळेजण मला "तुला काही होणार नाही" असे सांगत होते, आणि ते ऐकताना माझ्या मनात एकच विचार येई, की यांना मुळात काही कळलेलेच नाही. ज्याला धोका दिसत होता आणि तरीही जो जागेवरून हलणार नव्हता, असा माणूस मला पहिल्यांदा भेटला.

माझी ताई तेव्हा मदतीला येऊन राहिली होती आणि दाराशी उभी होती. तिने त्याला बाजूला नेऊन बजावले, "अहो, तिच्यासमोर असं बोलू नका. पेशंटने खंबीर राहायला हवं." ताईने माझ्यासाठी जे केले त्याला तोड नाही, पहाटे उठून पेज करणे, तोंड आलेले असताना मऊ भात भरवणे, माझे केस गळू लागल्यावर न बोलता उशीचे अभ्रे बदलणे, सगळे तिने केले. पण रडायचे नाही आणि वाईट बोलायचे नाही, या नियमावर ती ठाम होती. टेक्ससमध्ये गाडीचा रेडिओ लावला की कंट्रीचे स्टेशन लागतेच, आणि केमोला जाताना हे गाणे लागले तेव्हा मागच्या सीटवरून तिने ते बंद करायला लावले. "ही रडकी गाणी कशाला? तिला उभारी येईल असं काही लाव ना." तो वाद आमच्यात आजही फोनवर चालतो.

ताईला आणि तुम्हालाही माझे उत्तर एकच आहे. या गाण्यातले वचन नीट ऐका. ते आधी म्हणते, तुला भीती वाटते हे मला ठाऊक आहे आणि मलाही वाटते. मगच म्हणते की तू एकटी नसशील. तू खचशील तेव्हा मी उभा राहीन, तू सोडशील तेव्हा मी धरून ठेवीन. तू बरी होशील, असे धृपदात कुठेही म्हटलेले नाही. रुग्णाकडून ते काहीच मागत नाही, धैर्यसुद्धा नाही. भावनेला हात घालणे आणि भावनेचा गैरफायदा घेणे यांतला फरक माझ्या लेखी हाच आहे: ऐकणाऱ्यावर ओझे टाकले, की उतरवले? 'सकारात्मक राहा' हे वाक्य ओझे टाकते, कारण उद्या रोग वाढला तर दोष रुग्णाच्या मनाच्या माथी बसतो. आणि ते खरेही नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली डोके व मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रुग्णाची भावनिक स्थिती आणि तो किती जगला यांचा संबंध आढळला नाही. हे मी ताईला वाचून दाखवले आहे. तिला ते पटलेले नाही.

याच कारणासाठी टिम मॅग्रॉचे २००४ सालचे 'लिव्ह लाइक यू वेअर डाइंग' हे फार गाजलेले गाणे मला रुग्णासाठी योग्य वाटत नाही. त्यातला माणूस आजार कळल्यावर विमानातून उडी मारतो, डोंगर चढतो, बैलावर बसतो. निरोगी माणसाला ते खडबडून जागे करील यात शंका नाही, पण ज्याला स्नानगृहापर्यंत जाताना भिंत धरावी लागते त्याच्यापुढे ते आणखी एक काम ठेवते.

दोन गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. या गाण्यातल्या बाईचा रोग वेळेत सापडलेला आहे; चौथ्या टप्प्यातल्या रुग्णाला ते कडवे बोचू शकते. आणि ज्या बाईला असा नवरा नाही किंवा ज्या बाईचा नवरा आजारपणात दूर झाला, तिला हे धृपद ऐकवणे निर्दयपणाचे ठरेल. म्हणून कोणाला ते पाठवणार असाल तर आधी तिच्या घरी जा, ड्रेनचे आकडे कोण लिहिते, औषधाच्या वेळा कोण सांभाळते ते विचारा, आणि त्यातले एखादे काम अंगावर घ्या. गाण्याचा विषय तिने काढला तर काढू द्या.