दमा असलेल्या मुलाच्या रिपोर्टवर ४० पदार्थ लाल आलेत. सगळे बंद करू का? आणि त्याला ‘फूड चॅलेंज’च्या संशोधनात घालू का?

प्रश्न (थोडक्यात): आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. मुलगा ८ वर्षांचा, वजन २५ किलो, दम्याचा पंप चालू आहे. गेल्या महिन्यात सुंगटांचं (कोळंबीचं) हुमण खाल्ल्यावर १५ मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, खोकला आणि घरघर सुरू झाली. त्यानंतर रक्ताची मोठी तपासणी केली. दूध, गहू, अंडं, काजू, केळं धरून ४० पदार्थ लाल आले. हे सगळं तो रोज खातो. मागे एकदा बांगडा खाऊनही तोंड लाल झालं होतं, पण तेव्हा घरातल्या सगळ्यांनाच थोडंफार झालं. आता एका संशोधनासाठी विचारणा आली आहे, त्यात त्याला मुद्दाम सुंगटं खायला देणार म्हणतात. काय करावं?

उत्तर:

आधी तो रिपोर्ट काढा आणि एकच अक्षर पाहा: ‘आयजीजी’ लिहिलंय की ‘आयजीई’. दोन्ही रक्तातली प्रतिपिंडं, पण लगेच होणाऱ्या ॲलर्जीशी संबंध असतो तो आयजीईचा. एवढ्या लांबलचक, रंगीत याद्या बहुतेक वेळा आयजीजीच्या असतात. आयजीजी म्हणजे तो पदार्थ शरीराच्या ओळखीचा आहे, बस. जो पदार्थ मूल जास्त खातं, त्याची आयजीजी जास्त येते. म्हणूनच रोजचं दूध आणि पोळी लाल दिसतात. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच सांगितलं आहे की अन्नाच्या ॲलर्जीचं निदान आयजीजीवरून करू नये. रिपोर्ट आयजीजीचा असेल तर तो बाजूला ठेवून द्या.

आयजीईचा असेल तरी घाबरून डबा रिकामा करू नका. आयजीई असणं आणि ॲलर्जी असणं यांत मोठं अंतर आहे. कर्नाटकात प्रौढांवर झालेल्या एका मोठ्या पाहणीत (२०१६ साली ती छापून आली) २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाची आयजीई सापडली. खाऊन खरोखर त्रास होत असण्याची शक्यता दिसली ती जेमतेम १.२ टक्क्यांत. दूध, गहू, अंडं, काजू तुमचा मुलगा रोज खातो आणि त्याला काही होत नाही, म्हणजे या पदार्थांची परीक्षा तुमच्या स्वयंपाकघरात रोज होते आणि तो रोज पास होतो. याहून मोठा पुरावा कुठल्याही लॅबकडे नाही. उलट, रक्तात आयजीई असताना नियमित खाल्ला जाणारा पदार्थ महिनोन् महिने बंद ठेवला, तर पुन्हा सुरू करताना पहिल्यांदाच जोरदार रिॲक्शन येऊ शकते. वाढत्या वयात दूध-अंडं तोडल्याचं नुकसान वेगळंच. हे पदार्थ आजच पूर्ववत चालू ठेवा.

सुंगटांचं मात्र गंभीरपणे घ्या. खाल्ल्यापासून काही मिनिटं ते दोन तासांत त्वचा, ओठ आणि श्वास अशा एकाहून अधिक ठिकाणी त्रास झाला, तर ती खरी, आयजीईमार्फत होणारी ॲलर्जी असण्याची दाट शक्यता असते. तुम्ही सांगितलेला प्रसंग म्हणजे ॲनाफिलॅक्सिसच, म्हणजे अंगभर पसरणारी, जिवावर बेतू शकणारी ॲलर्जी. तज्ज्ञाकडे स्किन प्रिक टेस्ट (त्वचेवर पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून सुईने हलकं टोचतात) करून खात्री करून घ्या. तिच्या आधी सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन यांसारखी खाज-सर्दीची ॲलर्जीविरोधी औषधं ५ ते ७ दिवस बंद लागतात, नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. स्टिरॉइडचा पंप बंद करायचा नसतो, आणि बरेच पालक नेमका तोच बंद करून येतात. १५-२० मिनिटांनी फोड मोजतात. तुलनेसाठी टोचलेल्या सलाइनच्या (मिठाच्या पाण्याच्या) फोडापेक्षा तो ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठा असेल तर पॉझिटिव्ह. विकतच्या अर्काऐवजी ताज्या सुंगटात सुई टोचून तीच त्वचेला लावण्याची पद्धतही आहे, आणि शंका असेल तिथे ती उपयोगी पडते.

गोव्यात एक गुंता होतो. सुंगटांतलं मुख्य ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी घडवणारा घटक, म्हणजे ट्रोपोमायोसिन हे प्रथिन. घरातल्या धुळीत राहणारे सूक्ष्म कीटक, म्हणजे डस्ट माइट, आणि झुरळं यांच्यातही जवळपास त्याच घडणीचं प्रथिन असतं. आपल्याकडच्या दमट हवेत गाद्या-उश्यांत माइट भरपूर असतात आणि दम्याच्या अनेक मुलांना त्यांची ॲलर्जी असते. त्यामुळे सुंगटं मजेत खाणाऱ्या मुलाचीही सुंगटांची आयजीई पॉझिटिव्ह येऊ शकते. तुमच्या बाबतीत प्रसंगच स्पष्ट आहे, म्हणून शंका कमी. पण शेजारच्या मुलाचा नुसता रिपोर्ट पाहून त्याची सुंगटं बंद करू नका.

ट्रोपोमायोसिन उकळून, तळून जात नाही. म्हणून कुर्ल्या (खेकडे) आणि शेवंडही बंद. तिसऱ्यो आणि शिनाणे (शिंपले), माणक्यो (माकुल) वेगळ्या गटातले. काहींना चालतात, काहींना नाही, तेव्हा ते स्वतंत्र तपासून ठरवा. मासळीचं प्रथिन पूर्ण वेगळं, म्हणून इसवण किंवा पापलेट बंद करायचं काहीच कारण नाही. चूक होते ती तव्यावर: ज्या तेलात आणि ज्या रव्यात सुंगटं घोळून तळली, त्यातच मुलाचा मासा तळला जातो. छुपी सुंगटं अजून दोन ठिकाणी असतात. एक, सुक्या सुंगटांची किसमूर आणि बालचांवातला गालमो (सुका जवळा). दुसरं, शिजतानाची वाफ. उकळत्या कढईतून हे प्रथिन हवेत उडतं आणि दमा असलेल्या मुलाला नुसत्या वासाने घरघर लागू शकते. सुंगटं रांधायचीच असतील तर मुलगा घरात नसताना, खिडक्या उघड्या ठेवून.

बांगड्याचा प्रसंग मला ॲलर्जी वाटत नाही. बांगडा, तारली, कुपा असे मासे बर्फाविना राहिले की त्यांतल्या हिस्टिडिन या घटकाचं जिवाणू हिस्टामिन करतात; ॲलर्जीत शरीर सोडतं तेच हे रसायन. ते शिजवून नष्ट होत नाही आणि खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगाला खाज सुटते. एकाच ताटातल्या सगळ्यांना झालं, हीच त्याची खूण. अजून एक सारखं दिसणारं दुखणं: कोल्ड स्टोरेजच्या सुंगटांवर काळे डाग पडू नयेत म्हणून सोडियम मेटाबायसल्फाइट वापरतात, आणि दम्याच्या काही रुग्णांना त्याने नुसती घरघर होते. त्यात गांधी सहसा नसतात. तुमच्या मुलाला गांधीही होत्या आणि ओठही सुजले होते, म्हणून तिकडे बोट दाखवता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अन्नाच्या ॲलर्जीने दगावलेल्यांच्या नोंदी अनेक देशांत तपासल्या गेल्या, आणि त्यांत बहुतेकांना दमा होता. म्हणजे सुंगटांपासून मुलाला वाचवायचं तर पहिलं काम दमा ताब्यात आणणं. ४ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी सात प्रश्नांची एक चाचणी आहे: चार उत्तरं मूल देतं, तीन पालक. २७ पैकी १९ किंवा त्याहून कमी गुण आले तर दमा आटोक्यात नाही. मग औषध वाढवण्याआधी पंप कसा घेतला जातो ते पाहा. पंप हलवायचा, स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामधली प्लास्टिकची पोकळ नळी) लावून एकच फवारा, मग ४-५ सावकाश श्वास. दुसऱ्या फवाऱ्यासाठी पुन्हा हलवायचा. दोन फवारे एकदम मारले तर औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध पुन्हा भिंतीला बसतं. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून दोन स्पेसर ठेवा. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची. बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप बंद करणं, ही सगळ्यात नेहमीची चूक.

घरात ॲड्रेनलिन हवं, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसवर द्यायचं इंजेक्शन. आपल्याकडे पेनसारखं तयार इंजेक्शन सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टर १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेली ॲम्प्युल, १ मिलिलिटरची सिरिंज आणि साधारण एक इंचाची सुई देतात आणि शिकवतात. मात्रा किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे २५ किलोला ०.२५ मिलिलिटर. मांडीच्या मधोमध, बाहेरच्या बाजूला, स्नायूत. इन्सुलिनची सिरिंज वापरू नका. तिची सुई आखूड, स्नायूपर्यंत पोचत नाही, आणि तिच्यावरचे आकडे युनिटचे असतात. मात्रा आपल्या डॉक्टरकडून लेखी घ्या आणि डब्यावर चिकटवा. स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. औषध पिवळट-तपकिरी दिसलं तर टाकून द्या.

पुन्हा तसा प्रसंग आला तर क्रम असा: आधी ॲड्रेनलिन, मग १०८. मुलाला आडवं करा, पाय वर. धाप असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका. पंप त्यानंतर. ५ मिनिटांत उतार नाही तर दुसरी मात्रा. इथे घात होतो तो क्रम चुकल्याने: आधी अविल (खाजेचं ॲलर्जीविरोधी औषध), मग स्टिरॉइड, मग ‘बघू’, आणि ॲड्रेनलिन शेवटी. अविलने खाज कमी होते. बंद पडत चाललेला श्वास आणि कोसळणारा रक्तदाब त्याने सावरत नाही. बरं वाटलं तरी इस्पितळात काही तास थांबा, कारण लाट ओसरून दुसऱ्यांदा येऊ शकते.

संशोधनाबद्दल. फूड चॅलेंज म्हणजे पदार्थाच्या चढत्या मात्रा. आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्रथिनाच्या ३, १०, ३०, १००, ३००, १,००० आणि ३,००० मिलिग्रॅम अशा पायऱ्या, दर १५ ते ३० मिनिटांनी एक. ३ ग्रॅम प्रथिन म्हणजे साधारण १५ ग्रॅम सोललेलं सुंगट. गांधी, उलटी, घरघर असं डोळ्यांना दिसणारं लक्षण आलं की तिथेच थांबवतात. संशोधनात हे दोन वेगवेगळ्या दिवशी होतं: एकदा खरं सुंगट, एकदा सुंगटाविना, फक्त चव लपवायला वापरलेलं मिश्रण. कोणत्या दिवशी काय, हे मुलालाही ठाऊक नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. कारण भीतीनेही पोट दुखतं आणि खाज सुटते.

माझं मत असं: प्रसंग इतका स्पष्ट असताना आणि स्किन टेस्टही तेच सांगत असेल तर केवळ निदानासाठी सुंगटांचं चॅलेंज करू नका. एखाद्या उपचाराची चाचणी असेल तर गोष्ट वेगळी, कारण मूल आधी किती मात्रा सोसतं हे मोजल्याशिवाय उपचाराचा फायदा कळत नाही. तिथेही उपचाराचा आवाका नीट समजून घ्या. दम्यासाठी २००३ पासून वापरात असलेलं, आयजीईला अडवणारं ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये अन्नाच्या ॲलर्जीसाठीही मंजूर झालं. त्यामागच्या चाचणीत ६०० मिलिग्रॅम शेंगदाणा प्रथिन औषध घेणाऱ्या ६७ टक्क्यांना सोसलं आणि प्लासिबोवाल्या (औषध नसलेलं खोटं इंजेक्शन घेणाऱ्या) ७ टक्क्यांना. चुकून पोटात गेलेल्या घासापासून संरक्षण, एवढाच त्याचा हेतू. तो पदार्थ मनसोक्त खायची परवानगी त्यातून मिळत नाही. आणि त्या चाचणीत शेंगदाणा, काजू, दूध, अंडं, गहू, अक्रोड, हेझलनट होते, सुंगटं नव्हतीच. तेव्हा ‘परदेशात सिद्ध झालंय’ असं कुणी म्हटलं तर कोणत्या पदार्थावर, ते विचारा.

सही करण्याआधी सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा आणि त्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. भारतात २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. एथिक्स कमिटीची (संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातंय का हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी पाहा. संमतीपत्र मराठीत किंवा कोंकणीत घ्या आणि एक रात्र घरी ठेवा. इजा झाल्यास उपचाराचा खर्च आणि भरपाई कोण देणार, हे त्यात लिहिलेलं हवं. चॅलेंजच्या दिवशी पलंगापाशी मुलाच्या वजनाप्रमाणे मोजलेलं ॲड्रेनलिन, ऑक्सिजन आणि पूर्ण वेळ हजर डॉक्टर असणार का, हे स्पष्ट विचारा. सकाळी फुंकून श्वासाची चाचणी व्हायला हवी. एफईव्ही-१ (जोराने फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) अपेक्षेच्या ८० टक्क्यांखाली असेल, ताप-सर्दी असेल किंवा त्या सकाळी आराम देणारा पंप ओढावा लागला असेल, तर चांगली टीम स्वतःहून तारीख पुढे ढकलते. आणि मुलालाही विचारतात: आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वयाच्या मुलाची तोंडी संमती पालकांसमोर घ्यायची असते. तो ‘नको’ म्हणाला तर तिथेच थांबायचं, आणि त्यामुळे त्याच्या नेहमीच्या उपचारात काही कमी होता कामा नये.