‘पेमेंट सक्सेसफुल’ दिसलं, म्हणजे पैसे आले का?

प्रश्न : आम्ही ऑनलाइन अभ्यासक्रम विकतो. सध्या बँक ट्रान्सफर घेतो आणि पावतीचा फोटो मागवतो. पेमेंट गेटवे (ग्राहकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात जमा करणारी सेवा) घ्यावा का? शुल्क परवडेल?

घ्या. पावतीचा फोटो हा पुरावा नव्हे, तो दोन मिनिटांत बनवता येतो. शिवाय घ्यावंसं वाटणं आणि पैसे भरणं यांच्यात जितका वेळ जातो, तितके ग्राहक गळतात. गेटवे असला की मध्यरात्रीही विक्री पुरी होते, परदेशातलं कार्ड चालतं, मासिक वर्गणी आपोआप वसूल होते.

शुल्काचा नुसता टक्का पाहू नका. समजा, दर २ टक्के अधिक प्रत्येक व्यवहाराला ३ असा आहे. १००० च्या विक्रीवर २३ जातात, म्हणजे २.३ टक्के. ३० च्या विक्रीवर ३.६० जातात, म्हणजे तब्बल १२ टक्के! स्वस्त वस्तू असतील तर त्या एकत्र बांधून विका. करार करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा : पैसे खात्यात किती दिवसांनी येतात, नव्या व्यवसायाची काही रक्कम राखीव म्हणून अडकवतात का, आणि रिफंड दिल्यावर मूळ शुल्क परत मिळतं का. शेवटच्याचं उत्तर बहुतेकदा ‘नाही’ असतं.

प्रश्न : ग्राहकाचे पैसे कापले जातात, पण आमच्याकडे ऑर्डर ‘फेल’ दिसते. कधी एकाच ऑर्डरचे दोनदा कापले जातात. चूक कुणाची?

बहुतेक वेळा जोडणीची. पैसे भरल्यावर ग्राहकाचा ब्राउझर तुमच्या ‘धन्यवाद’ पानावर परत येतो. तुमचा प्रोग्रॅम त्या परत येण्यालाच पैसे मिळाल्याची खूण मानत असेल, तर मधेच नेट गेलं की ऑर्डर लटकली. याहून वाईट म्हणजे, त्या पानाचा पत्ता ज्याला कळला तो पैसे न भरता माल उचलेल.

खरी खबर वेबहुकने येते. त्यात गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला परस्पर कळवतो. तो निरोप आला की आधी त्याची डिजिटल सही (तो गेटवेकडूनच आल्याची खूण) तपासा, आणि तीही आलेल्या कच्च्या मजकुरावरच. हा मजकूर जेसन नावाच्या मांडणीत येतो. तो आधी पार्स करून, म्हणजे सुटा करून, पुन्हा जुळवला तर एखादी मोकळी जागा बदलते आणि सही चुकते. मग वैतागून कुणीतरी तपासणीच बंद करून टाकतं. हे कदापि होऊ देऊ नका. त्यानंतर रक्कम आणि चलन तुमच्या डेटाबेसमधल्या ऑर्डरशी ताडून पाहा, कारण ब्राउझरमधून आलेला आकडा कुणीही बदलू शकतो. निरोपाचा क्रमांक नोंदवून ठेवा. तोच निरोप दोनदा येऊ शकतो, आणि नोंद नसेल तर माल दोनदा जातो. उत्तर लगेच २०० (‘निरोप मिळाला’ असा सर्व्हरचा संकेत) द्या, ईमेल आणि पावतीची कामं मागाहून करा. उशीर झाला तर गेटवे निरोप पोचलाच नाही असं समजून पुन्हा पाठवतो.

दोनदा पैसे कापले जाण्याचं नेहमीचं कारण टाइमआउट. पहिली मागणी पोचलेली असते, उत्तर तेवढं आलेलं नसतं, आणि प्रोग्रॅम दुसरी मागणी पाठवतो. उपाय आयडेम्पोटन्सी की, म्हणजे प्रत्येक मागणीला दिलेला वेगळा ओळख-क्रमांक. पहिल्या मागणीसोबत पाठवलेली कीच पुन्हा पाठवली, तर गेटवे नवे पैसे न कापता जुनाच निकाल देतो. परदेशी चलन घेत असाल तर एक सावधगिरी : बरेच गेटवे रक्कम सर्वांत लहान एककात (रुपयांऐवजी पैशांत) मागतात, पण सगळीकडे १०० ने गुणून चालत नाही. येनला दशांश वापरत नाहीत, कुवेती दिनारला तीन स्थळं लागतात. ५०० येनचे ५०,००० झाले, तर ग्राहक पुन्हा फिरकणार नाही.

प्रश्न : अभ्यासक्रम पूर्ण पाहून ग्राहकाने बँकेत ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ अशी तक्रार केली. पैसे परत गेले, वर दंड लागला. आता काय?

याला चार्जबॅक म्हणतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या बऱ्याच तक्रारींना १२० दिवसांपर्यंत मुभा असते, म्हणजे खात्यात जमा झालेली रक्कमही तोवर पक्की नसते. दिलेल्या मुदतीत पुरावा पाठवा : लॉगिनच्या वेळा, आयपी पत्ता, किती धडे पाहिले, ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार. तक्रार चालू असताना घाबरून वेगळा रिफंड देऊ नका, रक्कम दोनदा जाईल.

पुढच्यासाठी थ्री-डी सिक्युअर (पैसे भरताना बँक ओटीपीसारख्या मार्गाने ग्राहकाची ओळख पटवते, ती सोय) चालू ठेवा. ग्राहकाची ओळख त्यातून पटली असेल, तर ‘मी केलाच नाही’ या तक्रारीची जबाबदारी साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. ‘माल मिळाला नाही’ किंवा ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या तक्रारींना मात्र ते कवच नाही. आणि ग्राहकाच्या स्टेटमेंटवर तुमचं कोणतं नाव छापलं जातं ते पाहा. दुकानाचं नाव एक आणि कंपनीचं भलतंच असलं, की प्रामाणिक माणूसही तक्रार करतो.

प्रश्न : एका रात्रीत शेकडो छोटे व्यवहार आले, बहुतेक नाकारले गेले. हे काय आहे?

चोरलेल्या कार्डांची चाचणी. कोणतं कार्ड चालतं हे पाहायला तुमचं पान वापरलं गेलं. जे व्यवहार यशस्वी झाले ते आजच रिफंड करा. खरे कार्डधारक जागे झाले की त्यांचेच चार्जबॅक होतील. त्याच दिवशी पेमेंटच्या पानावर कॅप्चा लावा, एका आयपीवरून आणि एका सत्रातून होणाऱ्या प्रयत्नांना मर्यादा घाला. ‘हवी ती रक्कम भरा’ असा रकाना असेल तर किमान रक्कम वाढवा, चाचणीवाल्यांना तोच सर्वांत सोयीचा असतो.

प्रश्न : नेहमीच्या ग्राहकांचे कार्ड नंबर आमच्याकडेच जपून ठेवले तर?

नको. पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या नियमावलीनुसार दुकानदाराला सीव्हीव्ही तर व्यवहार मंजूर झाल्यावर कूटबद्ध करूनही ठेवता येत नाही. गेटवेकडून टोकन (कार्ड नंबरच्या जागी वापरायचा सांकेतिक क्रमांक) घ्या आणि तेवढंच साठवा. कुणी चॅटवर कार्डाचा फोटो पाठवला, तर तो लगेच पुसा आणि त्या ग्राहकाला पेमेंटची लिंक पाठवा.