मुलगी म्हणते ‘मला घरी ने’, संस्था म्हणते ‘तो तिचा कावा आहे’

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमची मुलगी पंधरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिची शाळा सुटल्यातच जमा होती, ती दोनदा रात्री घरातून निघून गेली आणि एकदा स्वतःला इजा करून घेतली. एका शैक्षणिक सल्लागाराच्या सांगण्यावरून आम्ही तिला युटामधील एका ‘थेरप्यूटिक बोर्डिंग स्कूल’मध्ये, म्हणजे शाळा आणि उपचार एकत्र असलेल्या निवासी संस्थेत, ठेवले. पहाटे चार वाजता दोन माणसे येऊन तिला घेऊन गेली. आम्ही समोर येऊ नये असे त्यांनी बजावले होते, म्हणून मी स्वयंपाकघरात उभी राहिले. ती मला हाका मारत होती. याला चार महिने झाले. दर रविवारी बारा मिनिटांचा फोन असतो आणि थेरपिस्ट लाइनवर असते. मागच्या महिन्यात ती एकदम मराठीत म्हणाली, “आई, इथे पाणी प्यायलासुद्धा परवानगी लागते, मला घरी ने.” फोन तिथेच बंद झाला. पुढच्या रविवारचा फोन रद्द झाला, तिची ‘लेव्हल’, म्हणजे वागणुकीप्रमाणे सवलती ठरवणारी पायरी, खाली आणली गेली आणि यापुढे फोनवर इंग्रजीतच बोलायचे असा नियम झाला. हा तिचा कावा आहे, बळी पडू नका, असे संस्था सांगते. माझे यजमान म्हणतात, महिन्याला दहा हजार डॉलर भरतो आहोत, निदान कोर्स पूर्ण होऊ दे. पुण्यात सासूबाईंना ‘चांगल्या बोर्डिंगात घातले आहे’ एवढेच ठाऊक आहे. तिची चार पत्रे सोबत जोडली आहेत; चौथ्या पत्राला संस्था ‘प्रगती’ म्हणते. मी काय करू? आणि त्या पहाटेबद्दल ती मला क्षमा करील का?
— एक आई

प्रिय ताई,

तुमच्या मुलीला घरी आणा. तिच्या उपचारांची तयारी आधी करा, पण आणा, आणि हे पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

तिची चारही पत्रे मी तारखेप्रमाणे लावून वाचली. पहिल्या पत्रात अक्षर वाकडेतिकडे आहे, मांजरीला कोण खायला घालते याची चौकशी आहे, तुमच्यावरचा राग आहे, आणि खाली घरातल्या लाडक्या नावाने सही आहे. चौथ्या पत्रात मांजर नाही आणि रागही नाही. ‘मी माझ्या निवडींची जबाबदारी स्वीकारते’ हे वाक्य त्यात तीनदा आले आहे आणि सही आडनावासकट पूर्ण नावाने केली आहे. संस्थेने या पत्राला प्रगती म्हटले, असे तुम्ही लिहिता. मला मात्र त्यात एक मूल दिसते, ज्याला कोणते वाक्य लिहिले म्हणजे पत्र पुढे जाते हे कळून चुकले आहे.

दुसऱ्या पत्रात तिने ज्या ‘ग्रुप’चे वर्णन केले आहे, म्हणजे एका मुलीला मध्ये बसवायचे आणि बाकीच्यांनी आळीपाळीने तिचे दोष तोंडावर सांगायचे, तो प्रकार जुना आहे. कॅलिफोर्नियात 1958 मध्ये चार्ल्स डेडरिक यांनी व्यसनी माणसांसाठी ‘सिनानॉन’ नावाची संस्था काढली. एकमेकांवर तुटून पडण्याच्या तिथल्या बैठकांना ‘गेम’ म्हणत. हीच रीत पुढे किशोरवयीन मुलांच्या संस्थांमध्ये शिरली. 1967 मध्ये सुरू झालेल्या ‘सीडू’ शाळा त्याच परंपरेतल्या होत्या. फ्लोरिडातील ‘द सीड’ या संस्थेच्या पद्धतींची तुलना अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीने 1974 मध्येच उत्तर कोरियातील मतपरिवर्तनाच्या तंत्राशी केली होती. संस्था बंद पडत गेल्या, नावे बदलत गेली, जाहिरातींत घोडे आणि डोंगर आले; परंतु मुलाला आधी मोडायचे आणि मग घडवायचे, ही मूळ कल्पना अनेक ठिकाणी तशीच राहिली.

आता ‘कावा’ या शब्दाविषयी, कारण तुमच्या पत्राचे मर्म मला तिथेच दिसते. मुलाची प्रत्येक तक्रार हे त्याच्या आजाराचे लक्षण आहे असे एकदा पालकांच्या मनावर बिंबवले की त्यानंतर ते मूल खरे बोलले तरी ते ऐकले जाण्याचा मार्गच उरत नाही. युटामधील हरिकेन या गावच्या डायमंड रँच अकॅडमीतील सतरा वर्षांची एक मुलगी डिसेंबर 2022 मध्ये पोटातील संसर्गाने दगावली. तिच्या वडिलांनी केलेल्या दाव्यातील आरोप असा की ती पोटदुखीची तक्रार करत राहिली आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले. पुढच्या वर्षी राज्याने त्या संस्थेच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले. फेब्रुवारी 2024 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील एका वनशिबिरात बारा वर्षांचा मुलगा पोहोचल्यानंतर चोवीस तासांच्या आत गुदमरून दगावला. तुमच्या मुलीच्या जिवाला धोका आहे असे मी म्हणत नाही, तेवढे मला माहीत नाही. परंतु जिथे मुलाचे म्हणणे खोटे धरूनच दिवस सुरू होतो, तिथे खरा धोका उद्भवला तर तो तुम्हाला कळणार कसा?

निवासी उपचार सरसकट वाईट असतात असे माझे मत नाही. काही मुलांना काही आठवडे चोवीस तासांच्या देखरेखीची खरोखर गरज पडते, आणि चांगल्या ठिकाणी पालकांना मुलाशी एकांतात बोलता येते, न कळवता भेटता येते, कोणते औषध का सुरू केले हे विचारता येते. तुमच्या संस्थेत यातले काहीच नाही. एखाद्या व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व हे परवान्याची जागा घेऊ शकत नाही, आणि सल्लागाराची शिफारस तर मुळीच नाही.

एक गोष्ट तुम्हाला संस्थेने बहुधा सांगितलेली नसावी. प्रसिद्ध अमेरिकी तारका पॅरिस हिल्टन यांनी युटातील अशाच एका संस्थेतील, प्रोव्हो कॅन्यन स्कूलमधील, आपले किशोरवयातील अनुभव युटाच्या विधिमंडळापुढे सांगितल्यानंतर त्या राज्याने मार्च 2021 मध्ये कायदा केला. मुलाला आठवड्यातून एकदा कुटुंबाशी गोपनीय संवाद साधू द्यावा असे त्यात आहे, आणि घाबरवण्यासाठी किंवा अपमान करण्यासाठी शिक्षा देण्यास मनाई आहे. थेरपिस्ट लाइनवर बसून ऐकते आणि घरची भाषा बोलली म्हणून लेव्हल उतरते, हे या कायद्याच्या आशयाशी कसे जुळते, असा प्रश्न तुम्ही राज्याच्या परवाना कार्यालयाला लेखी विचारू शकता. तो विचाराच, पण मुलगी तुमच्या ताब्यात आल्यावर. आधी विचारलात तर त्याची किंमत तिला मोजावी लागेल अशी मला भीती वाटते.

तुम्हा उभयतांच्या सहीने ती तिथे गेली आहे. अमेरिकेत अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत या सहीला केवढे वजन असते हे तुम्ही पाहिलेच आहे, आणि तेच वजन तिला परत आणतानाही तुमच्या बाजूने आहे. निघण्यापूर्वी किशोरवयीनांच्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेऊन ठेवा. स्वतःला इजा करणाऱ्या मुलांसाठी ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’, म्हणजे तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी उपचारपद्धती, उपयोगी ठरलेली आहे. ती जाणणारी आणि मुलीला घरी राहून दिवसभर जाता येईल अशी सोय तुमच्या भागात शोधा. शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे विशेष शिक्षणाच्या मूल्यमापनाची मागणी लेखी करा. घरातली औषधे आणि धारदार वस्तू कुलपात ठेवा. मग दोघांनी मिळून, कामाच्या दिवशी, न कळवता जा. ओळखपत्रे आणि कराराची प्रत बरोबर असू द्या. चालू औषधांची मात्रेसह यादी, वैद्यकीय नोंदी आणि तिला कधी आवळून धरले किंवा एकटे कोंडले असेल तर त्या घटनांच्या नोंदी मागा. औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नका. संस्थेने पैशासाठी नोटीस पाठवली तर तो वाद वकिलामार्फत नंतर निस्तरता येईल. टाळाटाळ होऊ लागली तर तिथूनच पोलिसांना बोलवा. घरी आल्यावर पुन्हा कठीण रात्र आली तर 988 हा मानसिक संकटातील मदतीचा फोन क्रमांक दिवसरात्र चालू असतो. आणि तिने पुढे काही गंभीर सांगितलेच, तर युटातील ‘डिसॅबिलिटी लॉ सेंटर’ या अपंग आणि मानसिक आजार असलेल्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेला कळवा, अशा तक्रारींची चौकशी करण्याचा अधिकार त्यांना संघराज्याच्या कायद्याने दिलेला आहे.

यजमान पैशाचे नाव घेत असले तरी त्यांना भीती आहे ती मुलगी पुन्हा रात्री निघून जाईल याची, असे मला वाटते. ती भीती खोटी नाही. म्हणून त्यांच्याशी डॉलरवरून वाद घालू नका. चारही पत्रे त्यांना ओळीने वाचायला द्या आणि घरी कोणती व्यवस्था केली आहे ते कागदावर दाखवा. सासूबाईंनाही खरे सांगा. नात आजारी आहे हे कळल्याने त्यांना दुःख होईल, पण लपवाछपवीमुळे तुम्ही या सगळ्यात अगदी एकट्या पडल्या आहात, आणि त्या मुलीला घरात आपल्या बाजूचे आणखी एक माणूस हवे आहे.

तुम्ही शेवटी विचारले आहे की त्या पहाटेबद्दल ती मला क्षमा करील का. याचे उत्तर माझ्याजवळ नाही. घाबरलेल्या आईला तज्ज्ञ म्हणवणाऱ्या माणसाने सांगितले आणि तिने ऐकले, यासाठी मी तुम्हाला दोषी धरत नाही. परंतु मुलगी धरील, निदान काही काळ, आणि तिला तो हक्क आहे. गाडीत बसल्यावर तिला काही विचारू नका. पाण्याची बाटली तिच्या हाताशी असू द्या, मांजरीबद्दल सांगा, मराठीत बोला. पुढे कधीतरी तीच त्या पहाटेचा विषय काढील. तेव्हा तुझ्या बऱ्यासाठीच केले असे म्हणू नका. तू हाका मारत होतीस, मी स्वयंपाकघरात होते आणि मला त्या ऐकू येत होत्या, एवढे तिला सांगा, आणि मग ती जे बोलेल ते मध्ये न तोडता ऐकून घ्या.