वाचक विचारतात : जुन्या संचातला पितळी डबा

प्रश्न : ब्रिटनमध्ये निघालेला, खऱ्या फुटाला ४ मिमी प्रमाणातला, मॉडेल रेल्वेच्या प्रवासी डब्याचा जुळवायचा जुना संच मिळाला. बाजू पितळी पत्र्याच्या, डब्याची टोकं आणि बोगी (डब्याखालच्या चाकांच्या चौकटी) व्हाइट मेटलच्या. साध्या २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने पहिलं टोक बाजूला जोडायला गेलो, तर त्याचा कोपराच वितळून गेला. दुसरं कसं जोडावं? (परभणी)

उत्तर : या जोडासाठी तुमचं आयर्न फार गरम आहे. व्हाइट मेटल म्हणजे कथील, शिसं, अँटिमनी आणि कधी बिस्मथ यांचं मिश्रण. ते साधारण २०० ते २५० अंशांच्या दरम्यान पाघळतं, बिस्मथ जास्त असेल तर त्याच्याही आधी. तापमानाचं नियंत्रण नसलेल्या आयर्नचं टोक सहज ३५० अंशांवर जातं. म्हणून अशा मिश्र संचात कामाचा क्रम तापमानाप्रमाणे, वरून खाली लावायचा.

आधी पितळेला पितळ जोडण्याचं सगळं काम ६०-४० (६० भाग कथील, ४० भाग शिसं) सोल्डरने उरकून घ्या. जमीन, बाजूंच्या घड्या, पायऱ्या, दारांच्या मुठी, कपलिंगची पट्टी, काहीही मागे ठेवू नका. एकदा व्हाइट मेटल बसलं की त्या डब्याजवळ गरम आयर्न न्यायचं नाही. मग पितळेच्या ज्या कडेला टोक टेकणार आहे, तिच्यावर त्याच ६०-४० सोल्डरचा पातळ थर फिरवा. कल्हईवाला भांडं घासून त्यावर कथील फिरवतो, तसंच हे काम. ही पायरी टाळली की पुढचा जोड फसतो, कारण ७० अंशांना वितळणारं सोल्डर कोऱ्या पितळेला धरतच नाही. जोड बसल्यासारखा दिसतो आणि डबा उचलताना टोक सुटून हातात येतं.

आता तापमान लावता येणारं आयर्न १५० अंशांच्या आसपास ठेवा. संचातल्या भागांना ओतकामाचा जो दांडा चिकटलेला असतो, त्यावर आयर्न टेकवून पाहा. दांडा मऊ पडला तर आणखी उतरवा. डब्याचं टोक गुण्यात धरा, सांध्यावर भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं द्रव्य) सोडा आणि ७० अंशांच्या सोल्डरचा छोटा तुकडा आयर्नच्या टोकावर उचलून सांध्याला लावा. आधी दोन ठिकाणी नुसते ठिपके, मग काटकोन तपासा, मग पूर्ण सांधा. टोक तिरकं बसलं तर जबरदस्ती करू नका. अख्खा भाग उकळत्या पाण्यात सोडा, जोड आपोआप सुटेल. त्या पाण्यात सोल्डरमधलं शिसं आणि कॅडमियम असू शकतं, म्हणून भांडं वेगळं ठेवा, ते स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही. वितळलेला कोपराही याच सोल्डरने भरून, थंड झाल्यावर कानशीने आकाराला आणता येतो.

आयर्नची सोय नसेल तर सावकाश घट्ट होणारं अराल्डाइट वापरा आणि रात्रभर चिमट्यात धरून ठेवा. सोल्डरचा जोड त्याहून सरस, पण घासून स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर हाही टिकतो.

प्रश्न : फ्लक्स कोणता घ्यावा? रोझिनवालं सोल्डर वापरलं, पावसाळ्यात रंगाखाली पितळ हिरवं पडलं. (जालना)

उत्तर : पितळ आणि व्हाइट मेटल दोन्हींसाठी पातळ केलेलं फॉस्फोरिक आम्ल चांगलं. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडे ते ८५ टक्के तीव्रतेचं मिळतं. आकारमानाने १० भाग डिस्टिल्ड पाण्यात १ भाग आम्ल घातलं की साधारण १२ टक्क्यांचं द्रावण होतं. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. चष्मा लावा, खिडकी उघडी ठेवा.

पण हिरवेपणाचं खरं कारण धुणं राहून जाणं हे असतं. रोझिनचा थर नुसत्या पाण्याने निघत नाही, त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. आम्लाचा फ्लक्स असेल तर त्या दिवसाचं काम संपलं की लगेच कोमट पाणी, खाण्याचा सोडा आणि मऊ टूथब्रशने घासा. उद्यावर ठेवू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, वाळल्यावर पांढरे डाग सोडतं, म्हणून शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा. पूर्ण वाळल्यावर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारं एच (etch) प्राइमर, म्हणजे धातूला धरणारं प्राइमर, पातळ मारा. साधं प्राइमर पितळेवर नखानेही सुटतं. भर पावसात, हवेत दमटपणा असताना फवारणी केली तर लॅकर पांढुरकं होतं. कोरडा दिवस निवडा.

प्रश्न : बाजूच्या खालच्या अंगाला आत वळण द्यायचं आहे. वळवताना पत्रा खिडक्यांच्या रांगेवर मोडतो. (बीड)

उत्तर : खिडक्यांच्या रांगेत धातूच कमी, म्हणून जोर तिथेच जातो. तो भाग दोन पोलादी पट्ट्यांमध्ये घट्ट धरा आणि फक्त खालचा भाग मोकळा ठेवा. खाली जाड रबरी मॅट घ्या आणि १० ते १२ मिमी जाडीची गोल सळई पत्र्यावर दाबून फिरवा. दर वेळी थोडंच वळवा आणि टोकाच्या ओतीव भागाशी लावून पाहा. पितळ उलट उसळतं, म्हणून किंचित जास्त वळवावं लागतं. पत्रा लाल तापवून मऊ करण्याच्या फंदात पडू नका. बाजू लुळी पडते आणि मग सरळ राहत नाही. काटकोनी घडी घालताना पत्र्यावर अर्ध्या जाडीपर्यंत कोरलेली रेघ घडीच्या आतल्या बाजूला ठेवा.

प्रश्न : डब्यातल्या ओतीव भागांवर पांढरी भुकटी आली आहे. (हिंगोली)

उत्तर : शिशाचं ऑक्सिडेशन. लाकडी पेटीतल्या आम्लाच्या वाफेने ते वाढतं. भुकटी विषारी असते. फुंकू नका, कोरडी घासू नका. हातमोजे घालून ओल्या ब्रशने काढा आणि भाग प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या असतील तर तो भाग बाद समजा.

प्रश्न : डबा वळणावर रुळांवरून उतरतो. (नांदेड)

उत्तर : जुन्या संचात बोगीच्या बाजूंना बेअरिंग नसतात. आसाचं टोकदार टोक व्हाइट मेटलमध्ये खड्डा करतं आणि चाक डुगडुगतं. २ मिमी छिद्र हाताच्या ड्रिलने पाडून पितळी कप बेअरिंग बसवा. धातू पात्याला चिकटतो, म्हणून ड्रिल दर दोन-तीन फेऱ्यांनी बाहेर काढून साफ करा. चाकं १४ मिमी, आस २६ मिमी आणि दोन चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर १४.५ मिमी, ही १६.५ मिमी रुळांसाठीची मापं तपासा.

मग बोगी काचेवर ठेवून प्रत्येक चाकाखाली पातळ कागद सरकवा. एखादं चाक अधांतरी असेल तर कागद तिथे मोकळा सरकेल. दोन्ही बोगी घट्ट बसवल्या की डबा चार कोपऱ्यांवर टेकतो आणि रूळ जरा वाकडा आला की एक चाक उचललं जातं. म्हणून एक बोगी पुढे-मागे झुलेल पण बाजूला कलणार नाही अशी बसवा, दुसरी दोन्ही दिशांना मोकळी ठेवा. वजन प्रत्येक आसाला २५ ग्रॅम, म्हणजे चार आसांच्या डब्याला १०० ग्रॅम धरा. व्हाइट मेटलचा डबा बहुधा त्यापुढेच जातो, आणखी वजन घालू नका. छतही ओतीव असेल तर डबा वरून जड होतो. ते काढून पातळ पितळी पत्र्याचं करा.

प्रश्न : बार्शी लाइट रेल्वेचा डबा करायचा आहे. ब्रिटिश संच चालेल का? (लातूर)

उत्तर : आधी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ठरवा. बार्शी लाइनचं गेज ७६२ मिमी होतं. १:८७ मध्ये ते ८.७५ मिमी येतं, म्हणजे बाजारातला ९ मिमी रूळ जवळपास बरोबर बसतो. ४ मिमी प्रमाणात मात्र नेमकं १० मिमी होतं, तिथे ९ मिमी रूळ अरुंद दिसतो. बार्शीचा पहिला टप्पा १८९७ मध्ये आणि लातूरपर्यंतचा मार्ग १९११ मध्ये सुरू झाला. अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्यांनीच इंग्लंडमधली लीक अँड मॅनिफोल्ड ही १९०४ ची लाइन उभी केली, तीही ७६२ मिमीची. तिच्या डब्याचा संच मिळाला तर सुरुवात तिथून करा, पण खिडक्या आणि दारं बार्शीच्या छायाचित्रांशी ताडूनच कापा.

पूर्वीच्या मनमाड-काचिगुडा मीटरगेजचा विचार असेल तर १:८७ मध्ये १२ मिमी रूळ घ्या. ब्रॉडगेजला फुटाला ३ मिमी हे प्रमाण फार सोयीचं, कारण साडेपाच फूट म्हणजे बरोबर १६.५ मिमी.

प्रश्न : उन्हाळ्यात खिडक्यांची पारदर्शक पट्टी फुगून सुटली. (धाराशिव)

उत्तर : प्लास्टिक पितळेच्या तिप्पट-चौपट पसरतं. २४० मिमी लांबीची पट्टी ३० अंशांच्या फरकाने अर्धा मिमी वाढते आणि दोन्ही टोकांना चिकटवलेली असेल तर मधे फुगते. दर तीन-चार खिडक्यांना वेगळा तुकडा कापा, मध्ये केसभर फट ठेवा आणि तुकडा फक्त मधोमध चिकटवा. सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. कॅनोपी ग्लू (मॉडेलच्या काचांसाठीचा गोंद) किंवा पांढरा फेव्हिकॉल पुरेसा आहे.